इझुमो ताइशा: देव दिसत नाही तिथे जाऊन बघायचं काय? (शिमाने, जपान)

पाणकावळा (धागाकर्ता)

इथे जपानवरचे धागे बहुतेक क्योतोच्या फुशिमी इनारीला सुरू होतात आणि तिथेच संपतात. शेंदरी तोरींची (देवळापुढच्या कमानींची) रांग, तिच्यात उभं राहून फोटो, खाली उतरून माच्चा आइस्क्रीम. तक्रार नाही, मीही हे सगळं केलंय. पण शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देऊळ नीट बघायचं असेल तर शिमाने प्रांतात जावं, असं माझं मत झालंय. लोकसंख्येत हा प्रांत देशात शेवटून दुसरा. भातखाचरं, शिंजी सरोवर आणि जपान समुद्रावरून येणारे ढग. तिथे इझुमो ताइशा आहे.

७१२ सालच्या 'कोजिकी'त या देवळाच्या जन्माची कथा येते. ओकुनिनुशी हा या भूमीचा धनी. स्वर्गातल्या देवांनी त्याच्याकडे राज्य मागितलं. बऱ्याच ओढाताणीनंतर त्याने ते दिलं, पण एक मागणं मागून घेतलं: माझं घर असं बांधा की खांब खालच्या खडकात रुतले पाहिजेत आणि छपराचे शेंडे आभाळाला भिडले पाहिजेत. राज्य सोडून दिलेल्या देवाचं एवढं मोठं देऊळ मला तरी दुसरं माहीत नाही.

आता प्रत्यक्ष जागा. देवळाकडे चढून जायची आपल्याला सवय. इथे दुसऱ्या तोरीनंतर वाट चक्क उतरणीची आहे. उतरताना उजव्या हाताला एक छोटंसं देऊळ लागतं, तिथे आधी शुद्ध व्हायचं. बहुतेक पर्यटक मोबाइलमध्ये बघत त्याच्यावरून पुढे जातात. मग पूल, लोखंडी तोरी आणि जुन्या पाइन वृक्षांची दुतर्फा रांग. मधली वाट बंद असते, झाडांच्या मुळांना त्रास नको म्हणून. सगळे कडेने चालतात. शेवटची तोरी काशाची, १६६६ मध्ये मोरी घराण्यातल्या सरदाराने दिलेली.

मुख्य मंदिर, म्हणजे होंदेन, १७४४ चं आहे. उंची २४ मीटर. छप्पर हिनोकी झाडाच्या सालीचं. पण त्याच्या आत तुम्हीआम्ही जाऊच शकत नाही. यात्सुआशीमोन नावाच्या दरवाजापाशी थांबायचं, तिथूनच नमस्कार करायचा आणि वळायचं. मूर्ती नाही, आरती नाही, पडदा बाजूला होत नाही. सोबत आलेले बाबा म्हणाले, "एवढ्या लांब आलो, पण देव कुठे भेटला?"

तर गंमत पुढे आहे. देऊळ दक्षिणाभिमुख आहे, पण आत देव बसलाय पश्चिमेकडे तोंड करून. म्हणजे दरवाजासमोरची सगळी गर्दी देवाच्या डाव्या खांद्याशी उभी राहून टाळ्या वाजवत असते! कुंपणाच्या कडेकडेने पश्चिमेच्या बाजूला गेलात की तिथे एक साधी जागा केलेली आहे, दानपेटी आहे. तिथे उभं राहिलं की देव तुमच्या समोर. बाबा तिथे बराच वेळ हात जोडून उभे होते. आईने मात्र दोन्हीकडे नमस्कार केला, कुठूनही चुकायला नको म्हणून.

नमस्काराची पद्धतही वेगळी. जपानात बहुतेक ठिकाणी दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. इथे टाळ्या चार. आणि १४ मेच्या मुख्य उत्सवात आठ.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

खडूस_काका

वर्णन झकास. पण मुद्द्याचं बोलू या. ओसाकाहून साधारण चार तास, तिकिटाला पैसे, आणि शेवटी बंद दार. पंढरपुरात पायावर डोकं ठेवायला नाही मिळालं तरी मुखदर्शनाची रांग असते. इथे तेही नाही. मग माणसाने क्योतोलाच का जाऊ नये?

पाणकावळा

काका, क्योतोच्या शिंतो देवळातही आतला देव दिसत नाहीच. तिथे लाल रंग, दुकानं आणि गर्दी इतकी असते की न दिसल्याचं लक्षात येत नाही, एवढाच फरक. आत असतो तो देवाचा निवास असलेली वस्तू: कुठे आरसा, कुठे तलवार, कुठे दगड. काही ठिकाणी तर मागचा डोंगरच देव, त्यामुळे गाभाराच नाही. न बघणं हीच तिथली रीत. इझुमोत ती लपवायला काही नाही, म्हणून ती टोचते. मला तर तेच आवडलं.

आडवाटेचा

उत्तम धागा. उंचीबद्दल भर घालतो, कारण ताइशाचं खरं रहस्य तिथे आहे.

परंपरा सांगते की प्राचीन काळी हे देऊळ ४८ मीटर उंच होतं, आजच्या दुप्पट. दहाव्या शतकातल्या, मुलांच्या पाठांतरासाठी लिहिलेल्या एका पुस्तकात देशातल्या सगळ्यात मोठ्या इमारतींची क्रमवारी येते. पहिला इझुमो, दुसरं नाराचं महाबुद्ध मंदिर, तिसरा क्योतोचा राजवाडा. देवळाचे वंशपरंपरागत पुजारी असलेल्या सेंगे घराण्याकडे एक जुना आराखडाही आहे. त्यात तीन-तीन ओंडके लोखंडी कड्यांनी बांधून एकेक खांब केलेला दाखवलाय, असे नऊ खांब. बऱ्याच अभ्यासकांना हे कविकल्पनेतलं वाटायचं. एवढं लाकूड एकावर एक उभं राहील कसं?

२००० साली यात्सुआशीमोनच्या पुढ्यात जमीन खणली तेव्हा खालून अगदी तसाच खांब निघाला. सुगी झाडाचे तीन ओंडके एकत्र, मिळून व्यास सुमारे ३ मीटर. भूजल भरपूर असल्यामुळे लाकूड कुजलं नव्हतं. हे खांब कामाकुरा काळातले, बहुधा १२४८ च्या बांधकामाचे. त्या बांधकामाची उंची ४८ मीटर होती हे यावरून सिद्ध होत नाही, त्यावर वाद चालूच आहे. पण आराखडा थापा मारत नव्हता एवढं नक्की ठरलं.

जाणाऱ्यांनी एक करा. दरवाजापुढच्या फरसबंदीत तीन मोठी वर्तुळं एकमेकांना चिकटून काढलेली आहेत. खांब सापडला ती ही जागा. लोक त्यावर उभे राहून दरवाजाचे फोटो काढतात आणि पायाखाली काय आहे ते बघतच नाहीत. दोन माणसांनी हात पसरले तरी त्या तिघांना पुरायचे नाहीत.

मूळ खांब शेजारच्याच 'शिमाने प्राचीन इझुमो संग्रहालया'त शिरल्या शिरल्या समोर उभा आहे. ४८ मीटरच्या देवळाची एक दशांश प्रतिकृतीही तिथे आहे, १०९ मीटर लांब जिन्याची कल्पना धरून केलेली. आणि हो, कोजिंदानी इथल्या एका उतारावर १९८४ मध्ये एकाच जागी सापडलेल्या ३५८ काशाच्या तलवारीही तिथेच. त्याआधी साऱ्या जपानात मिळून एवढ्या तलवारी सापडल्या नव्हत्या. इझुमोचं महत्त्व नुसतं पुराणातलं नाही हे तेव्हा सगळ्यांना कळलं. संग्रहालय उघडं आहे का ते मात्र निघण्याआधी बघून घ्या.

टवाळखोर

चार टाळ्या वाजवल्या की लग्न जमतं असं ऐकलंय. खरं का? मित्रासाठी विचारतोय.

वाटसरू९

टवाळखोर, मित्राला सांगा की टाळ्यांवर भागत नाही, तिथे सभा भरते. जुन्या चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव आपापली देवळं सोडून इझुमोला येतात अशी श्रद्धा आहे. बाकी देशात त्या महिन्याला 'देव नसलेला महिना' म्हणतात आणि फक्त इथे 'देव असलेला महिना'. आठवडाभर बसून पुढच्या वर्षी कुणाची गाठ कुणाशी बांधायची ते ठरवतात. थोडक्यात, वधूवर सूचक मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा.

मी त्या सुमाराला गेलो होतो. तारीख दरवर्षी बदलते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर इनासाचा समुद्रकिनारा आहे, वाळूत एक मोठा खडक आणि त्याच्या माथ्यावर एवढंसं देऊळ. संध्याकाळी सात वाजता किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून देवांचं स्वागत करतात. वारा असा की कानटोपीतून आत शिरतो. विधी संपला की पुजारी पांढऱ्या कापडाच्या आडोशात देवांना घेऊन देवळाकडे चालू लागतात आणि मागोमाग सगळे लोक. गडबड नाही, घोषणा नाहीत. मला आपल्या मिरवणुकीची सवय, त्यामुळे सुरुवातीला चुकल्यासारखं वाटलं.

देवांच्या मुक्कामाची सोयही आहे. मुख्य मंदिराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला दोन लांबलचक चाळवजा इमारती आहेत, प्रत्येकीला १९ दारं. एरवी बंद असतात, त्या आठवड्यात उघडतात. गावातली जुनी माणसं त्या दिवसांत गाणं-बजावणं, बांधकाम टाळतात. सभेत व्यत्यय नको.

तेव्हा हॉटेल मिळणं कठीण. जवळच्या मात्सुए शहरात राहा.

उकडीचा_मोदक

ओकुनिनुशी म्हणजेच दाइकोकू ना? आणि दाइकोकू म्हणजे आपला महाकाळ. मग सरळ सांगा की ते मुळात शंकराचं देऊळ आहे!

आडवाटेचा

नाही हो, एवढी उडी नको. महाकाळ बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला हे खरं. वाटेत तो स्वयंपाकघराचा आणि भरभराटीचा देव झाला. जपानात तो गुबगुबीत, हसरा, खांद्यावर पोतं आणि हातात लाकडी हातोडा घेतलेला, भाताच्या पोत्यांवर उभा असतो. ओकुनिनुशी मात्र अस्सल तिथला. दोघांची नावं चिनी अक्षरांत सारखी वाचता येतात, आणि ओकुनिनुशीच्याही खांद्यावर पोतं असतं, भावांचं सामान वाहून नेताना वाटेत कातडं सोललेल्या सशाला त्याने बरं केलं त्या कथेतलं. मध्ययुगात लोकांनी दोघांना एक करून टाकलं. देवळाच्या आवारात जागोजागी दगडी ससे दिसतात ते याच कथेमुळे. सगळं आपल्याकडूनच गेलं म्हणायची घाई केली की तिथलं जे तिथलंच आहे ते निसटतं.

उकडीचा_मोदक

बरं बाबा. पण पोतं तरी आपलं होतं का? ;)

शेवंती

माझे सासू-सासरे मार्चमध्ये येताहेत, म्हणून तीन प्रश्न. एक, चपला कुठे काढायच्या? जपानी लोक घरात एवढे काटेकोर, देवळात काय? दोन, आमच्याकडे नुकतंच सुतक होऊन गेलंय, त्यांच्यात असं काही पाळतात का? तीन, दोघंही शाकाहारी. खायचं काय?

पाणकावळा

शेवंतीताई, क्रमाने सांगतो.

चपला-बूट आवारात काढायचे नाहीत. दरवाजापुढेही बूट घालूनच उभं राहायचं. माझी आई सवयीने काढायला लागली तर शेजारच्या जपानी आजी तिला घाबरून थांबवू लागल्या. शुद्धी हाताची आणि तोंडाची. दगडी कुंडावर लाकडी पळी असते. आधी डावा हात, मग उजवा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, आणि शेवटी पळी उभी धरून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, पुढच्या माणसासाठी. पळी तोंडाला लावायची नाही.

सुतक त्यांच्यातही आहे, आणि आपल्यापेक्षा लांब. घरात मृत्यू झाला तर साधारण ५० दिवस शिंतो देवळात जात नाहीत. शिंतोत मृत्यू म्हणजे अशुद्धी, म्हणून अंत्यसंस्कार बहुतेक बौद्ध पद्धतीने होतात. तुमचं संपलंय म्हणता, तर काही प्रश्न नाही. कोणी विचारणारही नाही.

खाण्याचं जरा अवघड. तिथली प्रसिद्ध वारिगो सोबा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन गोल लाकडी ताटल्यांत बकव्हिटच्या काळपट शेवया. वरच्या ताटलीत रस्सा ओतायचा, खायचं, उरलेला रस्सा दुसऱ्या ताटलीत, मग तिसऱ्या. पण तो रस्सा बहुतेक सगळीकडे सुकवलेल्या माशाचा असतो, "मासे नाहीत" असं म्हणाले तरी त्यात असतोच. झेनझाई मात्र बिनधास्त द्या. लाल अझुकी कडधान्याच्या गोड पातळ सारात भाजलेला मोची, म्हणजे तांदळाचा गोळा. हा पदार्थ मूळचा इझुमोचाच असं तिथले लोक सांगतात. सासऱ्यांना मोची जपून खायला सांगा, फार चिकट असतो, म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकतो. जेवणाचे डबे बरोबर नेलेले बरे.

निशिगंध

सगळ्यांनी ताइशाबद्दलच लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. ज्यांना खेड्यातलं देऊळ बघायचंय त्यांनी कामोसु जिंजा बघा. मात्सुए स्टेशनवरून बसने 'फुदोकी नो ओका'पर्यंत आणि पुढे थोडं चालत. घरांमधून, परसातल्या भाजीच्या वाफ्यांमधून वाट जाते, आणि मग दगडी पायऱ्या. ओबडधोबड, उंच-सखल, कडेला शेवाळ. पावसात जपून.

वर ताइशाच्याच बांधणीचं मंदिर आहे. सध्याची इमारत १५८३ ची, या शैलीतलं सगळ्यात जुनं उभं असलेलं बांधकाम, राष्ट्रीय ठेवा. पण ताइशात कुंपणापलीकडून माना उंचावून छप्पर बघावं लागतं, इथे तुम्ही सरळ मंदिराच्या खांबांपाशी उभे. लाकडाला रंग नाही, उन्हापावसाने राखाडी झालंय. पुढचा मधला खांब भिंतीच्या रेषेतून बाहेर आलेला आहे, तो मुद्दाम बघा. ताइशातल्या खांबापेक्षा तो जास्त बाहेर येतो, ही जुनी पद्धत. छपरावर दोन टोकांना फुली मारल्यासारखी लाकडं असतात ना, ती इथे शेंड्याला आडवी कापली आहेत, कारण देवता इझानामी, स्त्री. ताइशात उभी कापलेली आहेत, पुरुष देव म्हणून. (सगळ्या जपानात हा नियम पाळतात असं नाही, पण इझुमोत पाळतात.)

मी गेले तेव्हा एक बाई अंगण झाडत होत्या, बाकी कोणी नव्हतं. ताइशाला मी पुन्हा गेले नाही तरी चालेल, कामोसुला जाईन.

आडवाटेचा

+१ कामोसु. पण ताइशा सोडू नका, दोन्ही बघितल्याशिवाय एकाचं दुसऱ्याशी नातं कळत नाही.

टवाळखोर

आणि तो राक्षसी दोर? फोटोत बघितला होता. त्यात नाणं फेकून अडकवलं की इच्छा पूर्ण होते म्हणे.

पाणकावळा

टवाळखोर, तो कागुराडेन या बाजूच्या सभागृहाचा शिमेनावा. लांबी १३ मीटरहून जास्त, वजन ५ टनांच्या वर. भाताच्या पेंढ्याचा. नाणी फेकायचा प्रकार होता खरा, पण देवस्थानाने तो बंद केलाय, नाणी दोरात अडकून राहतात आणि पेंढा खराब होतो. दोराच्या खालून जाळीही लावली आहे. इच्छा असेल तर दानपेटीत टाका.

मला त्या दोरापेक्षा तो वळणाऱ्यांचं कौतुक वाटतं. शिमानेच्याच डोंगराळ भागात ईनान नावाचं गाव आहे, दोर तिथे तयार होतो. त्यासाठी उंच वाढणारा भात वेगळा लावतात आणि दाणा भरायच्या आधी, हिरवा असतानाच कापतात. म्हणजे ते पीक खाण्यासाठी नाहीच, फक्त पेंढ्यासाठी. मग गावातले लोक मिळून तो वळतात, आणि ट्रकवर घालून देवळात आणतात. काही वर्षांनी पुन्हा नवा. २०१८ मध्ये बदलला होता. गावात कार्यशाळा आहे, तिथे बघता येतं.

शेवंती

धन्यवाद पाणकावळा, खूप उपयोग झाला. तोंडाने "मासे नाहीत" म्हणून सासूबाईंचं समाधान व्हायचं नाही, तेव्हा थेपले नेते.

वाटसरू९

वाळूचं कुणी लिहिलं नाही. मुख्य मंदिराच्या मागे सुसानोओ या देवाचं छोटं देऊळ आहे. इनासाच्या किनाऱ्यावरची वाळू पिशवीत आणायची, त्या देवळामागच्या पेटीत घालायची आणि आधीच्या लोकांनी ठेवलेली कोरडी वाळू थोडी घरी न्यायची. घराच्या चार कोपऱ्यांत टाकतात. आधी आणल्याशिवाय उचलायची नाही, हा नियम. म्हणून आधी किनारा, मग देऊळ, हा क्रम ठेवा, नाहीतर दोनदा चालावं लागतं.

खडूस_काका

ठीक आहे, हरलो. मुलगा टोकियोत आहे, एप्रिलमध्ये जातोय. टोकियोहून रात्रीची गाडी आहे म्हणतात, ती घ्यावी का? आणि शेवटचा टप्पा कसा?

पाणकावळा

काका, रात्रीची म्हणजे 'सनराइझ इझुमो'. जपानात रोज धावणाऱ्या झोपायच्या गाड्या आता ही आणि 'सनराइझ सेतो' एवढ्याच उरल्या आहेत. साधारण बारा तास. आरक्षण एक महिना आधी उघडतं आणि भराभर संपतं, मुलाला त्या दिवशी सकाळी दहालाच बसवा. नाही मिळालं तर शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा, तिथून 'याकुमो' गाडी, तीन तास. पण ती डोंगरातून वळणं घेत जाते, गाडी लागत असेल तर गोळी घ्या.

शेवटच्या टप्प्याला इझुमोशी स्टेशनवरून बस आहे, पण माझं ऐकाल तर आदल्या रात्री मात्सुएला राहा आणि सकाळी इचिबाता कंपनीच्या दोन डब्यांच्या गाडीने जा. तासाभराचा प्रवास, साधारण निम्मा शिंजी सरोवराच्या काठाने. निघताना डाव्या बाजूला बसा. मध्ये इचिबातागुची स्टेशनवर गाडी थांबून उलट्या दिशेने निघते, घाबरू नका. पूर्वी तिथून पुढे एका बौद्ध मठाकडे रूळ जात होते, ते युद्धाच्या काळात लोखंडासाठी काढून नेले, त्यामुळे सपाट जमिनीवर उगाच गाडीचं तोंड फिरवावं लागतं. त्यानंतर सरोवर पलीकडच्या खिडकीत जातं, पण तोवर बघण्यासारखं बरंचसं होऊन गेलेलं असतं. बहुतेक गाड्यांना कावातोला बदल आहे, तिथे डुलकी लागू देऊ नका.